सहकर्जदार

माझ्या शैक्षणिक कर्जाच्या करारावर दोन सह्या आहेत. एक माझी, अठराव्या वर्षातली, घाबरत केलेली. दुसरी अण्णांची. अण्णांचं शिलाईचं दुकान. दिवसभर हातात कात्री नाहीतर खडू, त्यामुळे सही करायची वेळ फारशी यायची नाही. पण करायचे तेव्हा एका दमात, पेन न उचलता, आणि शेवटी नावाखाली आडवी रेघ ओढायचे. 2014 साली बँकेत त्यांनी पानापानावर अशा वीसेक सह्या केल्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "कर्ज तुझं एकटीचं नाही, आपलं आहे." मला तेव्हा तो धीर वाटला. कायद्याच्या भाषेतही ते तसंच असतं, हे सात वर्षांनी कळलं.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागत नाहीत, पण आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून लागतात. आम्ही घरात सगळे त्याला जामीनच समजत होतो. जामीनदार मूळ कर्जदाराची हमी घेतो. सहकर्जदार पहिल्या दिवसापासून बरोबरीचा कर्जदार असतो. बँकेच्या दृष्टीने अण्णा माझ्याइतकेच देणेकरी होते.

आमचं कर्ज सहा लाखांचं. अभियांत्रिकीची चार वर्षं, दर वर्षी दीड लाख, व्याज 11 टक्के. केंद्र सरकारची व्याज अनुदानाची योजना होती, पण ती कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर. दुकान तेव्हा जोरात होतं, आम्ही थोडक्यात त्या रेषेच्या वर गेलो. शिक्षण चालू असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत राहतं. ऑगस्ट 2019 मध्ये हप्ता सुरू झाला तेव्हा सहा लाखांचे 8 लाख 31 हजार झालेले होते. दहा वर्षं, महिन्याला 11,447 रुपये.

सात हप्ते गेले आणि कोविड आला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 अशी सहा महिन्यांची सवलत दिली, ती आम्ही घेतली. दुकान बंद, माझा पगार 28 हजारांवरून 21 हजार. दुसरा मार्गच नव्हता. सवलत म्हणजे माफी नव्हे, हे शिल्लक पाहिल्यावर लक्षात आलं. त्या सहा महिन्यांत पंचेचाळीस हजारांची भर पडली होती. पुढे सरकारने व्याजावरच्या व्याजाचा फरक परत दिला, आमच्या खात्यावर तो हजार रुपयांच्या आसपास आला. सप्टेंबरपासून पुन्हा हप्ते सुरू केले.

फेब्रुवारी 2021 मध्ये अण्णांना पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि त्यासोबत बोलणं गेलं. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, म्हणून उजवं अंग लुळं पडलं की वाचाही जाण्याची शक्यता मोठी. अण्णांना समजत सगळं होतं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. पहिले काही आठवडे त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "थांब". पाणी हवं असलं तरी "थांब", नको असलं तरी "थांब". आईला त्या एका शब्दाचे निरनिराळे अर्थ कळायला लागले होते, मला वेळ लागला.

एप्रिलमध्ये पुन्हा टाळेबंदी. दवाखान्यात साठवलेलं सगळं गेलं होतं. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे पैसे दर आठवड्याला द्यायचे होते आणि ते थांबवणं शक्य नव्हतं, कारण पहिल्या सहा महिन्यांत जे परत येतं ते पुढे तितकं येत नाही, असं सगळेच डॉक्टर सांगत होते. 5 जूनचा हप्ता बाऊन्स झाला.

पुढचा प्रसंग लिहिताना आजही हात थांबतो. हप्ता थकल्याच्या चौथ्या दिवशी बँकेच्या वतीने वसुलीचा फोन आला, तो अण्णांच्या मोबाइलवर. सहकर्जदार म्हणून त्यांचाही नंबर नोंदवलेला. मी कामावर, आई आत. अण्णांनी डाव्या हाताने फोन उचलला. पलीकडचा माणूस विचारत राहिला, पैसे कधी भरणार, आणि अण्णा म्हणत राहिले, "थांब." आई धावत आली तोवर तो माणूस चढ्या आवाजात म्हणत होता की अजून किती थांबायचं, नाटकं करू नका. आईने फोन घेऊन परिस्थिती सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. अण्णा मात्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी मी आले तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा हातात घेतला नाही, कितीतरी दिवस.

दुसऱ्याच दिवशी मी शाखेला पत्र लिहिलं. अण्णांना वाचाघात आहे, ते फोनवर बोलू शकत नाहीत, कर्जासंबंधीचा सगळा संपर्क माझ्या नंबरवर करावा, सोबत दवाखान्याचा डिस्चार्ज कागद. पोच घेतली. त्यानंतर त्यांच्या नंबरवर फोन आला नाही. हे पत्र फेब्रुवारीतच द्यायला हवं होतं. कुणालाच सुचलं नाही. घरात असं काही घडलं की औषधं, डबे, दवाखान्याच्या फेऱ्या यांत माणूस बुडून जातो आणि बँक नावाची गोष्ट डोक्यात येतच नाही. ज्यांच्या घरी सहकर्जदाराला असं काही झालं आहे त्यांनी एवढं एक पत्र लवकर द्यावं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आता कर्जाचं काय, हा प्रश्न. नातेवाईक सांगायचे, "वडील अपंग झाले म्हणजे कर्ज माफ होत असेल की." तसं काही नसतं. कर्जासोबत एक विम्याची पॉलिसी काढलेली होती, ती शोधून काढून दोनदा वाचली. ती माझ्या नावावर, आणि फक्त माझ्या मृत्यूसाठी. सहकर्जदाराच्या अपंगत्वाचा त्यात उल्लेखच नव्हता. आमच्यासारख्या घरांत पहिल्या वर्षांत हप्त्याला हातभार लावणारा तोच असतो, आणि विमा त्याचा नसतो.

वाट सापडली ती रिझर्व्ह बँकेच्या 5 मे 2021 च्या परिपत्रकात. कोविडमुळे अडचणीत आलेल्या व्यक्तींच्या कर्जाची पुनर्रचना बँका करू शकतील, असं ते होतं. लोक त्याला रिझोल्यूशन फ्रेमवर्क 2.0 म्हणत. शैक्षणिक कर्ज त्यात बसत होतं. खातं 31 मार्च 2021 रोजी नियमित हवं, आमचं होतं. निर्णय 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवा, पुढे 90 दिवसांत अंमल. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं वाढू शकत होती. जुलैचा हप्ता आईने बांगडी मोडून भरला, जूनचाही त्यात भागवला. नव्वद दिवस थकलं की खातं अनुत्पादक धरतात आणि मग अशा सगळ्या वाटा बंद होत जातात, हे तोवर मला कळलं होतं.

अर्जात एक रकाना होता, "अडचणीचं कारण". समोर पर्याय: नोकरी गेली, पगार कमी झाला, व्यवसाय बंद पडला. मी खाली मोकळ्या जागेत अण्णांच्या आजाराबद्दल सहा ओळी लिहिल्या होत्या. कर्ज विभागातल्या मॅडमनी त्या वाचल्या आणि सांगितलं, की तुमचा अर्ज पगारकपात आणि दुकान बंद यांवर जाईल, आजार हे यात कारण धरत नाहीत. त्यांचा नाइलाज होता, नियम कोविडपुरता होता. मी कंपनीचं पगारकपातीचं पत्र आणि दुकानाच्या दोन वर्षांच्या हिशोबाच्या नकला जोडल्या. तरीही त्या सहा ओळी मी खोडल्या नाहीत. सात हजारांच्या कपातीने आम्ही कोलमडलो नव्हतो. आम्हाला कोलमडवलं ते अण्णांच्या उजव्या हाताने, आणि त्या हाताची नोंद कुठल्यातरी कागदावर राहावी असं मला वाटत होतं.

त्याच सुमाराला डॉक्टरांना अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, सहा महिने होऊ द्या. पक्षाघातानंतर अंग किती सावरतंय ते दिसायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी टक्केवारी ठरवत नाहीत. हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण पैशाची ओढ सर्वांत जास्त असते ती याच सहा महिन्यांत, आणि त्या काळात माणूस अपंग आहे हे दाखवायला डिस्चार्जच्या कागदापलीकडे हातात काही नसतं.

बँकेने तीन पर्याय समोर ठेवले. पहिला, नुसती मुदत दोन वर्षं वाढवायची. मी आशेने विचारलं, हप्ता किती होईल? सुमारे 10,300. म्हणजे दोन वर्षं जास्त भरून महिन्याला फक्त अकराशे रुपये सुटत होते. 11 टक्क्यांवर लांब मुदतीच्या कर्जात हप्त्याचा मोठा भाग व्याजच असतो, त्यामुळे मुदत ताणून फार काही हाती लागत नाही. त्या दिवशी पासबुक घेऊन बसले तर दिसलं, की आम्ही 19 हप्ते, म्हणजे 2 लाख 17 हजार रुपये भरले होते आणि शिल्लक 8 लाख 31 हजारांवरून 8 लाख 2 हजारांवर आली होती.

दुसरा पर्याय, बारा महिने काहीच भरायचं नाही. तिसरा, बारा महिने फक्त व्याज भरायचं, 7,350 च्या आसपास, आणि मग वाढवलेल्या मुदतीत 10,800 चा हप्ता.

मी मनातून दुसरा ठरवून टाकला होता. एक वर्ष श्वास घ्यायला मिळेल, अण्णांची फिजिओथेरपी सुटणार नाही, पुढचं पुढे. आईलाही तेच बरं वाटलं. अण्णांना विचारायचं आमच्या मनातच आलं नाही. म्हणजे त्यांना त्रास नको, एवढाच विचार होता. आठवड्यातून एकदा वाचा उपचारासाठी ज्या ताई येत त्यांच्याशी बोलताना विषय निघाला. त्या म्हणाल्या, "कर्जावर सही कोणाची आहे?" मी म्हटलं, दोघांची. "मग त्यांना सांगितलं का?"

त्यांनी रीत शिकवली. लांब वाक्यं नकोत. एका वेळी एकच गोष्ट. आकडे मोठे लिहून दाखवायचे. हो-नाही तोंडाने विचारायचं नाही, कारण वाचाघातात हो म्हणायचं असताना नाही निघून जातं. दोन वस्तू समोर ठेवायच्या आणि बोट ठेवू द्यायचं. आणि उत्तराची वाट पाहायची, आपल्याला वाटते त्याच्या तिप्पट.

अण्णांच्या कापणीच्या टेबलावर गडद निळ्या कापडाचा तागा पडून होता, कुणाच्यातरी पँटींचा, मार्चपासून. मी तो पसरला आणि त्यांच्याच खडूने त्यावर तीन रकाने आखले. डावीकडे 10,300. मधे 0. उजवीकडे 7,350. प्रत्येकाखाली वर्षानंतरची शिल्लक. मधल्या रकान्याखाली 8,95,000 लिहिलं, कारण काहीच न भरता वर्ष काढलं तर व्याज चढून शिल्लक 92-93 हजारांनी वाढणार होती. उजवीकडे 8,02,000, जशीच्या तशी.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. मापाच्या वहीत हिशोब मांडताना बघायचे तसे, मान किंचित डावीकडे कलती करून. मग त्यांनी डाव्या हाताचा तळवा मधल्या रकान्यावर ठेवला आणि तो पुसून टाकला. पूर्ण, आकडाही राहिला नाही. बोट उजवीकडे ठेवलं. मी म्हटलं, "अण्णा, सात हजार दर महिन्याला कुठून आणायचे?" त्यांनी टेबलाखालच्या यंत्राकडे बोट केलं. दोन शिलाई यंत्रांपैकी एक कारागीर गेल्यापासून बंद होतं. विकायचं का, विचारलं तर त्यांनी जोरात मान हलवली. आईकडे बोट केलं, मग यंत्राकडे, पुन्हा आईकडे. आई लग्नाआधी शिवायची. दुकानात मात्र काजं-बटणांच्या पुढे तिला कधी बसू दिलं नव्हतं, अण्णांनीच.

आईने ब्लाउज शिवायला घेतले ते त्या आठवड्यापासून. अण्णा खुर्चीत बसून कापणी दाखवायचे, खडू डाव्या हातात. पहिल्या रेघा वाकड्यातिकड्या यायच्या. आमच्या घरातला त्या वर्षातला सर्वांत चांगला आर्थिक निर्णय बोलता न येणाऱ्या माणसाने घेतला. मी घेणार होते तो घेतला असता तर आज आमच्यावर लाखभर रुपये जास्त असते.

पर्याय ठरला, आता पुरवणी करारावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. इथे सगळं अडलं. शाखेत मला सांगण्यात आलं, "वडिलांना सही करता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करा." कुलमुखत्यारपत्रावरही सही त्यांचीच लागते, आणि ते समजून करून देता येत असेल तर मूळ करारच का करता येऊ नये? दुसऱ्या एकाने सुचवलं, कायदेशीर पालकत्व घ्या. चौकशी केली. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा, त्यात जिल्हा पातळीवरची समिती पालक नेमू शकते, पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चारच बाबतींत. पक्षाघात त्यात नाही. त्याच कायद्याखालच्या निरामय आरोग्य विम्याचे मेसेजही आम्हाला नातेवाइकांकडून येत होते, तोही याच कारणाने आम्हाला लागू नव्हता. आणि मुळात अण्णांना पालक कशाला हवा होता? एका परिचितांनी तर हळूच सांगितलं, "तूच कर ना त्यांच्यासारखी सही, कोण बघतंय." त्यांना मी काही बोलले नाही. पण ती रेघ ओढणारी सही मी ओढली असती तर अण्णांचं त्या करारातलं जे काही उरलं होतं तेही मीच पुसलं असतं.

शेवटी दोन गोष्टी हाताशी आल्या. एक, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 13. दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा आणि बँकेची कर्जं मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, कायद्यापुढे तिची क्षमता इतरांइतकीच आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. दुसरी, आजारी किंवा अशक्त खातेदारांबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचना: सही करता येत नसेल तर अंगठा, दोन स्वतंत्र साक्षीदार ओळख पटवणारे, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. त्या सूचना खात्यातून पैसे काढण्यासाठीच्या आहेत, कर्जाच्या करारासाठीच्या नाहीत, असं मॅडम म्हणाल्या आणि ते खरंही होतं. मी लेखी विनंती केली की हीच रीत इथे लावावी. त्यांनी ती विधी विभागाकडे पाठवली. अठरा दिवसांनी होकार आला, एका अटीवर: न्यूरोलॉजिस्टचं पत्र, की रुग्णाला समजतं आणि तो संमती देऊ शकतो. सप्टेंबरची 14 तारीख होती.

शाखा पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. अण्णांना रिक्षातून नेलं, वॉकर पायाशी. मी वर जाऊन सांगितलं, आणि मॅडम स्वतः कागद, शाईचा पॅड आणि एक लाकडी पाट घेऊन खाली उतरल्या. सोबत दुसरे साक्षीदार म्हणून आमच्या शेजारचे काका. रिक्षाशी येऊन मॅडमनी मला विचारलं, "यांना सगळं समजतंय ना?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारा, फक्त सावकाश." त्या थोड्या थबकल्या. मग रिक्षाच्या पायरीशी वाकून, अण्णांच्या डोळ्यांकडे बघत, त्यांनी एकेक कलम सांगितलं. एक वर्ष व्याज. मग इतका हप्ता. मुदत इथपर्यंत. अण्णा प्रत्येक वेळी आकड्यावर बोट ठेवत होते. दोन कार्डं ताईंनी करून दिली होती, हिरवं आणि लाल. प्रत्येक कलमाला त्यांनी हिरवं उचललं. मुदतीच्या कलमाला मात्र थांबले, तारीख पुन्हा बघितली, बोटांवर वर्षं मोजली. आणि मग उचललं.

पुरुषांचा डावा अंगठा घेतात. अण्णांचा डावाच हात चालत होता. पण पॅड पुढे आला तसा त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं त्यांचं मन बदललं. त्यांनी मॅडमच्या खिशाला लावलेल्या पेनाकडे बोट केलं. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमची सही आमच्याकडच्या नमुन्याशी जुळणार नाही." अण्णांनी बोट खाली घेतलं नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "असं करू. अंगठा आम्हाला द्या, आणि शेजारी सही तुमच्यासाठी करा."

नऊ पानं होती. प्रत्येक पानावर अंगठा, आणि शेजारी डाव्या हाताने सही. पाट मांडीवर, कागद काकांनी धरलेला. पहिल्या पानावरचं नाव निम्मं ओळीबाहेर गेलं. एक सही दोन-अडीच मिनिटं चालायची. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, आमच्या रिक्षावाल्याने उतरून त्यांना बाजूने जायला सांगितलं. नवव्या पानापर्यंत अण्णांच्या कपाळावर घाम होता, आणि नवव्या पानावर नावाखाली, कापत, पण टोकापर्यंत, आडवी रेघ होती.

पुढचं थोडक्यात सांगते. पुनर्रचना झाली. पतमाहिती अहवालात त्या कर्जापुढे तशी नोंद आली, त्यामुळे नंतर एका छोट्या कर्जाला नकार मिळाला. ही किंमत आहे हे आधी माहीत असलेलं बरं. ऑक्टोबरमध्ये अण्णांचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र झालं. जून 2021 पासून ते यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच काढायचं असतं, अर्ज स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर. आम्ही आधी फक्त हातापायासाठी अर्ज केला होता. ताईंनी लक्षात आणून दिलं की 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्वही आहे आणि त्याच्या व्याख्येतच वाचाघाताचं नाव आहे. वैद्यकीय मंडळाने दोन्ही तपासलं. हातापायाचं 60 टक्के, वाचेचं 30. मला वाटलं, नव्वद. पण टक्के असे सरळ मिळवत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवून, नव्वदमधून तो वजा केल्यावर जे उरतं त्याच्या प्रमाणातच लहान आकडा धरतात. साठ अधिक, तीस गुणिले तीस भागिले नव्वद. झाले 70.

हा आकडा पुढे करात महत्त्वाचा ठरला. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 80डीडीप्रमाणे अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी, आणि त्यात आईवडील, भाऊ-बहीण सगळे येतात, 75 हजारांची वजावट मिळते; 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. खर्च किती झाला याच्या पावत्या लागत नाहीत. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला कलम 80ई, त्याला रकमेची मर्यादा नाही. पण हे दोन्ही जुन्या करपद्धतीतच. 2023-24 पासून नवी पद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी तर तसं कळवावं लागतं. माझा पगार तोवर कर लागण्याइतका वाढला होता. कंपनीच्या फॉर्ममध्ये मी काही निवडलंच नाही आणि दोन महिने जास्त कर कापला गेला, मग दोन्ही पद्धतींनी हिशोब मांडला तेव्हा जुनी आम्हाला बरीच स्वस्त पडत होती. आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. 80ई ची सवलत व्याज भरायला लागल्यापासून आठच वर्षं असते. आमची 2026-27 ला संपेल. कर्ज पुनर्रचनेमुळे 2033 पर्यंत गेलं आहे. मुदत वाढवताना हे कुणी सांगत नाही, आणि शेवटची सहा-सात वर्षं व्याज पूर्ण आपल्या खिशातून जातं.

म्हणून आम्ही मधेमधे जादा रक्कम भरतो. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर व्यक्तींकडून मुदतपूर्व भरण्याचा दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेने 2014 सालीच ते बंद केलं आहे. जुन्या पद्धतीच्या दरावरून रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी, जोडलेल्या दरावर कर्ज बदलून घेता येतं, तेही अर्ज करून घेतलं. दर पाऊण टक्क्याने उतरला. ब्लाउजांच्या हंगामात आई पाच-सात हजार वेगळे काढते. जादा भरायच्या आधी मी अण्णांना विचारते, कापडावर आकडे मांडून. ते आता बरेच शब्द बोलतात, "थांब"च्या जोडीला "भर" आणि "पुढच्या महिन्यात" आलं आहे.

निळा तागा ज्यांचा होता त्यांच्या पँटी आईने शिवून दिल्या, उरलेला तुकडा अण्णांनी ठेवून घेतला. तो भिंतीला टाचलेला असतो आणि दर महिन्याला हप्ता गेला की अण्णा त्यावरची जुनी शिल्लक पुसून नवी लिहितात. मार्च 2025 मध्ये मी आकडा वाचून दाखवला, 5 लाख 98 हजार. अकरा वर्षांपूर्वी घेतलं होतं ते सहा लाख. अण्णांनी खडू उचलला, आधी पाच लिहिला, मग माझ्याकडे बघून हसले, आणि बाकीचे आकडे लिहायच्या आधीच त्या पाचाखाली रेघ ओढली.